१०७ वर लावलं की १०७ वरच का राहत नाही? पेलेट ग्रिलच्या चढउताराबद्दल

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. अमेरिकेहून परतलेल्या मेहुण्यांनी घरसामानाबरोबर पेलेट ग्रिल, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या कांड्यांवर चालणारी विजेची धुराची शेगडी, आणली आणि ती तुमच्या अंधेरीच्या गच्चीवर आली. २२५ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या १०७ सेल्सिअसवर लावली की पडद्यावरचा आकडा ९५ ते १२० मध्ये नाचत राहतो. तुम्ही वेगळा घेतलेला प्रोब, म्हणजे तारेचा थर्मामीटर, दुसरंच सांगतो, झाकणावरचा काटा तिसरंच. बकऱ्याची अख्खी रान, म्हणजे मांडी, आतून सहा तासांनी ७० वर अडकली, म्हणून तुम्ही घाबरून तापमान वाढवलंत आणि शेवटी बाहेरून करपलेली, आतून चिवट रान पाहुण्यांपुढे ठेवावी लागली. आता विचारताय की मशीन खराब आहे का, तापमान सांभाळणारा कंट्रोलर बदलू का.

कंट्रोलर इतक्यात बदलू नका. आकडा हलतो म्हणून तर नकोच. तुमच्या प्रश्नात मला खटकलं ते वेगळंच वाक्य, ‘मेहुण्यांनी अमेरिकेहून आणली’. त्यावर पुढे येतो.

हे कुठल्या अनुभवावर बोलतोय ते सांगतो. आधी अकरा वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत भट्ट्यांचे तापमान कंट्रोलर जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम केलं. गेली नऊ वर्षं गोराईला मागच्या अंगणात धुरावर शिजवलेल्या मांसाच्या ऑर्डरी करतो. दोन पेलेट ग्रिल आहेत, एक जुन्या धाटणीच्या कंट्रोलरची आणि एक नव्या. जुनीचा आकडा तुमच्यासारखाच नाचतो आणि तिच्यावर शिजलेल्या पोर्कबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही. खाली सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत.

आधी आत काय चालतं ते बघू. पेलेट म्हणजे दाबून केलेला लाकडाचा भुसा. लाकडातलं लिग्निन दाबाने आणि उष्णतेने मऊ होतं आणि तेच भुशाला धरून ठेवतं, वेगळा डिंक लागत नाही. गिरणगावातल्या चाळीत ज्यांनी भुशाची शेगडी पाहिली असेल त्यांना हे इंधन नवं नाही. मधे बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची, झालं धुराडं. ओरेगनच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात या इंधनाला चुलीत बसवलं आणि १९८६ साली पेटंट घेतलं. त्यांनी मोठी सोय केली ती म्हणजे शेगडीपाशी बसून राहायची गरज संपवली. बाजूच्या हॉपरमधून, म्हणजे पेलेट भरायच्या डब्यातून, एक स्क्रू पेलेट पुढे ढकलतो, ते एका लहानशा लोखंडी वाटीत पडतात, तापणारी कांडी ते पेटवते, पंखा हवा देतो आणि कंट्रोलर भिंतीवरच्या सेन्सरकडे बघून स्क्रू कधी फिरवायचा ते ठरवतो.

आता अडचण लक्षात घ्या. गॅसची ज्योत नॉब फिरवला की लगेच बारीक होते. इथे तसं नाही. पेलेट वाटीत पडला की तो आधी तापतो, धुमसतो, मग पेट घेतो, मग त्याची आच वरच्या पत्र्याला लागते, पत्रा हवेला तापवतो आणि शेवटी ती हवा सेन्सरला सांगते. यात मिनिट-दोन मिनिटं जातात. घरी बंब असेल तर आठवा, नवी ढलपी सारली की आधी धूर होतो, जाळ जरासा बसतो आणि मग एकदम भडकतो. कंट्रोलरची अवस्था तीच असते. त्याला ‘थंड झालं’ हे उशिरा कळतं, त्याने टाकलेलं सरपण उशिरा पेटतं आणि ‘पुरे’ हेही उशिराच कळतं. जुन्या धाटणीचा कंट्रोलर तर सरळ दोनच गोष्टी जाणतो. आकडा खाली गेला की भरपूर पेलेट टाकायचे, वर गेला की विस्तव विझू नये इतपतच टाकायचे. तो शून्यावर थांबू शकत नाही, कारण विस्तव गेला तर सगळंच गेलं. त्यामुळे वर-खाली, वर-खाली ही लय त्याच्या रचनेतच आहे. १०७ वर लावलेल्या अशा ग्रिलचा आकडा दहा-बारा अंशांनी दोन्हीकडे हलला तर मी तिकडे बघतही नाही.

नवे कंट्रोलर तीन गोष्टी एकत्र धरतात: आत्ता फरक किती आहे, तो किती वेळ टिकलाय आणि किती वेगाने बदलतोय. म्हणून ते दोन-तीन अंशांत राहू शकतात. कारखान्यात आम्ही हेच वापरायचो. पण स्वयंपाकाच्या बाबतीत माझं मत जरा उलटं आहे. आकड्याची रेष सरळ झाली म्हणून रान जास्त चांगली होत नाही. उलट जुन्या ग्रिलमध्ये मंद विस्तवावर पेलेट पडून धुमसतात तेव्हा धूर जास्त सुटतो आणि माझ्या जिभेला तो फरक कळतो.

आता मुद्द्याचं. हलतेय ती हवा, मांस नाही. तुमच्या ग्रिलच्या पोटात समजा १०० लिटर हवा आहे. त्या तापमानाला तिचं वजन जेमतेम ९० ग्रॅम भरतं. ती १० अंशांनी तापवायला साधारण एक किलोज्यूल उष्णता पुरते. तीन किलोच्या मांसाला एकच अंश चढवायला दहा किलोज्यूलच्या वर लागतात. म्हणजे ज्या उष्णतेने पडद्यावरचा आकडा १० ने उडी मारतो, तेवढ्याने मांस अंशाच्या दहाव्या भागानेही हलणार नाही. मांस सरासरी ओळखतं. वरच्या चढाला जे मिळालं आणि खालच्या उताराला जे राहिलं, त्याची वजाबाकी ते तासातासाने करत बसतं.

मुंबईत याचं उत्तम उदाहरण म्हणजे जुन्या बेकऱ्यांच्या विटांच्या भट्ट्या. जाड विटा रात्रभर तापलेल्या असतात, दार उघडून लादी पाव काढले तरी आतलं तापमान फारसं ढळत नाही. कारण उष्णता हवेत नाही, विटेत साठवलेली असते. तुमची ग्रिल म्हणजे पातळ पत्र्याचा डबा. तिच्यात साठा नाहीच, येईल ते लगेच जाईल. भट्टीसारखी स्थिरता तिच्याकडून मागू नका. हवीच असेल तर आत एक-दोन जाड भाजलेल्या विटा किंवा बिडाचा तवा ठेवा, हलणं थोडं कमी होतं, पण ग्रिल तापायलाही जास्त वेळ लागतो.

म्हणून पहिलं काम हे. ग्रिल रिकामी ठेवून, झाकण बंद करून अर्धा तास चालू द्या. पहिल्या तापण्यात आकडा जवळजवळ नेहमीच वर उसळतो, ती उसळी मोजायची नाही. मग जाळीच्या मधोमध तुमचा प्रोब बांधा आणि दर दोन मिनिटांनी आकडा कागदावर लिहा. माझ्या जुन्या ग्रिलची एक खरी नोंद देतो: १०१, १०८, ११६, ११९, ११३, १०५, ९९, ९८, १०४, ११२, ११७, ११४. बघायला भयंकर वाटतं, पण सरासरी निघते जवळपास १०९. मी लावलं होतं १०७. या ग्रिलला काहीही झालेलं नाही. तुमची सरासरी १०० ते ११५ मध्ये असेल तर तुमच्याही नाही. सरासरीच ९० किंवा १२५ निघाली तर मात्र पुढे वाचा.

त्याआधी प्रोबवर विश्वास ठेवायचा की नाही ते बघा. चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी यात ० दाखवायला हवा, खळखळ उकळत्या पाण्यात १००. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे इथे १०० म्हणजे १००च. महाबळेश्वरला हीच चाचणी केलीत तर ९५-९६ दिसेल आणि प्रोबला उगाच दोष द्याल. तुमचे तीन आकडे तीन वेगळे असणं हे नैसर्गिक आहे. ग्रिलचा स्वतःचा सेन्सर बहुधा हॉपरकडच्या भिंतीवर असतो, झाकणावरचा काटा वरच्या गरम हवेत, तुमचा प्रोब जाळीवर. तिघेही आपापल्या जागेचं खरं बोलतात. मांस जाळीवर आहे, तेव्हा जाळीवरच्याचं ऐका. फक्त प्रोब थंड मांसापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर तो हवेचं न सांगता मांसाभोवतीच्या गारव्याचं सांगेल. जाळीवर कुठे जास्त आच लागते हे बघायचं असेल तर १७५ वर लादी पाव अर्धे कापून सगळीकडे पसरा. कुठला कोपरा आधी लाल होतो ते दहा मिनिटांत कळतं, आणि नंतर पाव खाता येतात.

आता मेहुण्यांच्या मुद्द्याकडे. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. ती ग्रिल थेट आपल्या सॉकेटला लावली असती तर एव्हाना जळली असती, म्हणजे तुम्ही ट्रान्सफॉर्मर वापरत असणार. लॅमिंग्टन रोडला मिळतो तसा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ मात्र बदलत नाही. बऱ्याच ग्रिलमध्ये स्क्रू फिरवणारी मोटर अशी असते की तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ६० च्या जागी ५० मिळाले की ती साधारण सहाव्या भागाने हळू फिरते. स्क्रू हळू, म्हणून प्रत्येक खेपेला पेलेट कमी. पंखाही तसाच असेल तर हवाही कमी. कंट्रोलरला यातलं काही ठाऊक नाही, तो सेकंद मोजतो आणि समजतो की पुरेसं टाकलं. परिणाम असा की तापमान लवकर खाली घसरतं, वर यायला वेळ घेतं आणि पावसाळी हवेत विस्तव विझायच्या बेतात येतो. मोटरवर पट्टी असते, तिच्यावर १२० व्होल्ट एसी, ६० हर्ट्झ लिहिलंय का बघा. डीसी लिहिलं असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

एसी मोटर निघाली तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याच जुन्या कंट्रोलरवर ‘पी’ नावाची एक सेटिंग असते. स्क्रू फिरून झाल्यावर किती सेकंद थांबायचं ते ती ठरवते, आकडा मोठा तितकी विश्रांती लांब. तो एक किंवा दोन घरं खाली आणा. एका वेळी एकच घर बदला आणि मग पुन्हा कागदावर नोंद करा. काही मॉडेलांत ही सेटिंग फक्त ‘स्मोक’ या धुराच्या सेटिंगवर चालते, तेव्हा पुस्तिका बघून घ्या. पुढेमागे त्याच वेगाची ५० हर्ट्झची गिअर मोटर बसवून घेतलीत तर प्रश्न मुळातूनच सुटतो. मी तेच केलं. ट्रान्सफॉर्मर निदान ५०० वॉटचा असू द्या, कारण सुरुवातीला पेटवणारी कांडी दोन-तीनशे वॉट ओढते. आणि पावसाळ्यात याच कांडीत ओल शिरली की घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. तसं झालं तर तो स्विच बायपास करायच्या फंदात पडू नका, कांडी बदला.

दुसरा मुंबईचा प्रश्न म्हणजे दमट हवा. तापमानाच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या लोकांपैकी बहुतेकांचा रोग कंट्रोलरमध्ये नसतो, पेलेटमध्ये असतो. चांगला पेलेट चकचकीत असतो आणि मोडला की कट्‌कन आवाज येतो. ओल घेतलेला पेलेट मळकट दिसतो, फुगतो आणि बोटात चुरा होतो. तो जळायला उशीर लावतो, आच कमी देतो आणि त्याचा भुसा स्क्रूत जाऊन बसतो. पिशवी उघडली की पेलेट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या कोठीत भरा, आपण तांदूळ भरतो त्याच कोठीत. हॉपरमध्ये ओतण्याआधी मोठ्या चाळणीतून चाळा. आणि पावसाळ्यात शिजवून झालं की हॉपर रिकामा करा. दुसऱ्या दिवशी परत लावायचीय म्हणून सोडू नका.

हे मी शिकलो ते असं. एका ऑगस्टमध्ये हॉपर चार दिवस भरलेला राहिला. पाचव्या रात्री खांद्याचे तीन मोठे तुकडे लावून मी झोपलो. पहाटे तीनला गजर झाला तेव्हा आकडा ५८ वर. स्क्रूमध्ये भुशाचा लगदा बसला होता, पेलेट थेंबथेंब पडत होते, विस्तव कधीच विझला होता. घाईत मी स्क्रू मोकळा केला आणि सरळ पुन्हा पेटवली. वाटीत न जळलेल्या पेलेटचा ढीग साचलाय हे डोक्यातच आलं नाही. आधी पिवळट पांढरा धूर, मग दणका, आणि झाकण उडून परत आदळलं. भुवया गेल्या, ऑर्डरही गेली. तेव्हा विस्तव विझला असेल तर आधी प्लग काढा, थंड होऊ द्या, जाळी आणि पत्रा उचला, वाटी पूर्ण रिकामी करा, मगच पेटवा. यात अपवाद नाही.

स्वस्त पडतात म्हणून बॉयलरसाठी विकले जाणारे पेलेट आणायचा मोह होईल. आणू नका. ते बहुतेक शेतातल्या टाकाऊ मालाचे, भुईमुगाच्या टरफलांचे, उसाच्या चिपाडाचे असतात. चांगल्या लाकडी पेलेटची राख एक टक्क्याच्याही आत असते, यांची कितीतरी पट जास्त. वाटी राखेने भरते, हवेची भोकं बुजतात आणि तापमान घसरत जातं. शिवाय त्यात आणखी काय मिसळलंय हे अन्नाच्या दृष्टीने कुणी तपासलेलं नसतं.

तर आकडा कसा हलतोय, हे किती हलतोय यापेक्षा जास्त सांगून जातं. करवतीच्या दातांसारखा एकसारखा वर-खाली होत असेल तर तब्येत ठीक. हळूहळू घसरत चालला असेल तर राख, ओले पेलेट किंवा हॉपरमध्ये मधेच खड्डा पडून पेलेट खाली सरकणं थांबलेलं असतं, हात न घालता काठीने ढवळा. एकदम ४०-५० अंशांनी वर गेला आणि धूर काळा झाला तर पत्र्यावर साठलेली चरबी पेटली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी झाकण उघडू नका, हवा मिळाली की ती आणखी भडकते. बंद करा आणि थांबा, पाणी तर मुळीच मारू नका. वाऱ्याने आकडा सैरभैर होतो, त्याला लय नसते. गोराईला दुपारी समुद्राकडून वारा सुटला की माझं हेच होतं. तुमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवून बघा, पण बंदिस्त बाल्कनीत किंवा शेडखाली कोंडून कधीच नको. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो आणि त्याला वास नसतो. मे महिन्यात याच्या उलट गंमत होते. तापलेल्या गच्चीवर सर्वांत मंद सेटिंगही खाली येत नाही, कारण विस्तव जिवंत ठेवायला लागणारे किमान पेलेटच जास्त आच देतात. त्याला उपाय नाही, भल्या पहाटे लावा.

आणि झाकण. तुम्ही लिहिलंय की दर वीस मिनिटांनी उघडून बघत होता. उघडलं की गरम हवा निघून जाते, सेन्सर एकदम थंड होतो, कंट्रोलर घाबरून पेलेटचा मारा करतो. तुम्ही झाकण लावता आणि तेवढ्यात ते सगळे पेटतात. तुमचा १२० चा आकडा मला वाटतं निम्म्या वेळा तुमच्याच हाताने आलाय.

रान ७० वर अडकली त्याचा या चढउताराशी संबंध नाही. साधारण ६५ ते ७५ च्या दरम्यान मांसाच्या पृष्ठभागावरचं पाणी जोरात उडायला लागतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तसंच. ग्रिल जेवढं देते तेवढं बाष्प घेऊन जातं, म्हणून आकडा तासन्‌तास तिथेच बसतो. तापमान वाढवलंत की बाहेरचा थर आधी वाळतो आणि करपतो. थांबायची तयारी नसेल तर मांस गुंडाळा. फॉइल चालतं. मी आधी केळीचं पान आणि वरून फॉइल लावतो, पानाचा वासही येतो. बकऱ्याच्या रानेला पोर्कसारखी चरबी नसते, म्हणून मी ती लवकर, ६५ लाच गुंडाळतो आणि सुरी लोण्यासारखी आत जाईपर्यंत, साधारण ९० च्या आसपास, काढत नाही.

चढउतार खरंच कुठे नडतो तेही सांगतो. पातळ आणि नाजूक गोष्टींना. बोंबील, सुरमईचे काप, पनीर, नानकटाई यांना सरासरी काढायला वेळच मिळत नाही. मसाल्यात गूळ लावला असेल तर एका उसळीतही तो काळा पडतो. अशा वेळी मी नवी ग्रिल वापरतो, किंवा सरळ घरातला ओव्हन.

पुढच्या रविवारी रान लावू नका. आधी वाटी आणि पत्रा साफ करा, कोरडे पेलेट भरा, मोटरवरची पट्टी वाचा आणि रिकाम्या ग्रिलवर त्या बारा नोंदी घ्या. नोंदी आणि पट्टीवरचा मजकूर इथे लिहा, मग ‘पी’ किती ठेवायचं ते बघू.